वारंवारतेचा प्रश्न : नवी मुंबईतील ध्वनी, कंपन आणि गोंगाटाचे नियंत्रण

महाराष्ट्राच्या सार्वजनिक चर्चेत आवाजाचा प्रश्न वर्षातल्या ठरावीक दिवशीच डोके वर काढतो. दहीहंडी, गणेशोत्सव, नवरात्र आणि ३१ डिसेंबरची रात्र या प्रसंगी वर्तमानपत्रांत डेसिबलचे आकडे छापून येतात, परवानगी कोणी दिली व कोणी नाकारली यावर वाद झडतो, आणि विसर्जनाची शेवटची मिरवणूक खाडीवर पोचली की हा विषय पुढच्या भाद्रपदापर्यंत बासनात बांधला जातो. नवी मुंबईसारख्या शहराच्या वाट्याला येणारा आवाज मात्र बहुतांशी उत्सवी नाही. तुर्भ्याच्या बाजार समितीकडे रात्री येणारे ट्रक, उरणच्या बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर, महापे-रबाळे पट्ट्यातील डेटा सेंटरांची अखंड चालणारी शीतक यंत्रे, पारसिकच्या डोंगरातील दगडखाणी, इमारतींच्या पायांसाठी चालणारे खोदकाम, उन्नत मार्गावरून धावणारी मेट्रो आणि आता विमाने, हा या शहराचा रोजचा आवाज आहे. त्याला परवानगी देणारा किंवा नाकारणारा कोणी एक अधिकारी नसतो. अशा आवाजाविषयी ‘किती डेसिबल?’ एवढाच प्रश्न विचारला तर उत्तर मिळते, पण उपाय सापडत नाही. कारण उपाय ठरतो तो त्या आवाजाच्या वारंवारतेवरून, म्हणजे सेकंदाला किती कंपने होतात त्यावरून. कायदा, मोजमापाची पद्धत आणि सार्वजनिक चर्चा या तिन्ही ठिकाणी वारंवारता गाळली गेली आहे, आणि नियंत्रणाचे बरेचसे अपयश या एका वगळण्यातून आले आहे, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार होय. समुद्रसपाटीला हवेचा स्थिर दाब सुमारे एक लाख पास्कल असतो, आणि निरोगी तरुण कानाला ऐकू येणारा सर्वांत क्षीण ध्वनी या दाबात केवळ वीस मायक्रोपास्कलचा, म्हणजे एका पास्कलच्या पन्नास हजाराव्या भागाचा, फरक घडवतो. कानात वेदना उत्पन्न करणारा ध्वनी त्याच्या सुमारे दहा लाख पट, म्हणजे वीस पास्कलचा, असतो. इतका मोठा पल्ला साध्या मोजपट्टीवर मावत नाही, म्हणून डेसिबलची पट्टी गुणाकारावर बेतली आहे: ध्वनीची ऊर्जा दहापट झाली की पट्टीवर दहाची भर पडते आणि दुप्पट झाली की केवळ तीनची. म्हणून ७० डेसिबलचे दोन पंखे शेजारी लावले तर १४० नव्हे, ७३ डेसिबल होतात. उलट, ‘मर्यादा फक्त दहा डेसिबलनी ओलांडली’ या वाक्यातला ‘फक्त’ फसवा असतो, कारण ऊर्जा दहापट झालेली असते, आणि ऐकणाऱ्याला तो आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो.

कान सर्व वारंवारतांना सारखीच दाद देत नाही. एक ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात तो अतिशय तल्लख असतो, तर शंभर हर्ट्झच्या खाली मंद होत जातो. पन्नास हर्ट्झचा ध्वनी नुसता ऐकू येण्यासाठीच चाळीसहून अधिक डेसिबलचा असावा लागतो. या स्वभावाची नक्कल करण्यासाठी ध्वनिमापकात ‘ए’ नावाची एक चाळणी बसवलेली असते आणि तिच्यातून आलेला आकडा डेसिबल-ए या एककात लिहितात. ही चाळणी हजार हर्ट्झला हात लावत नाही, पण १२५ हर्ट्झला १६ डेसिबल वजा करते आणि ५० हर्ट्झला ३०. चाळणी मंद आवाजांवरून बेतली गेली, वापर मात्र सरसकट सर्व आवाजांना सुरू झाला, आणि तिथेच गणित बिघडले. कारण आवाज जसजसा मोठा होतो तसतसा कानाचा खालच्या स्वरांविषयीचा मंदपणा कमी होतो, परंतु चाळणीची वजाबाकी तेवढीच राहते.

याचा अर्थ मिरवणुकीत चटकन दिसतो. ताशाची कडकड वरच्या वारंवारतांची असते आणि ध्वनिमापक तिची पुरेपूर नोंद घेतो. डॉल्बीच्या भिंतीतून येणारा ठोका पन्नास-साठ हर्ट्झच्या आसपासचा असतो आणि त्यातला मोठा भाग चाळणीतून गळून जातो. खिडकीची तावदाने थरथरवणारा, छातीत धडधड उठवणारा तो ठोका आकड्यात पुरेसा उतरतच नाही, आणि दोघांचे डेसिबल-ए सारखे भरले तरी डॉल्बीच्या बाजूला खालच्या पट्ट्यातली ऊर्जा शेकडो पटींनी अधिक असू शकते. ढोल-ताशा पथकांची कड घेण्याचा येथे हेतू नाही. मापकाचा कौल ताशाच्या विरुद्ध आणि डॉल्बीच्या बाजूने झुकलेला असतो, एवढेच दाखवायचे आहे.

हाच प्रकार सोसायटीच्या पंपाच्या खोलीत अधिक बारकाईने पाहता येतो. वाशी, नेरूळ किंवा खारघरमधल्या कोणत्याही इमारतीत तळाच्या टाकीतले पाणी गच्चीवर चढवणारा पंप असतो. त्याची मोटर मिनिटाला सुमारे २९०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला अठ्ठेचाळीस. रोटर किंचितही असमतोल असला की अठ्ठेचाळीस हर्ट्झचा एक हादरा पायात, पायातून कोब्यात आणि पाइपातून थेट स्लॅबमध्ये जातो. पाइप ज्या लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला आवळलेला असतो त्या प्रत्येक पट्टीतून भिंत हलते, आणि एवढ्या मोठ्या पृष्ठभागाने हवा हलवली की तिसऱ्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीत गुणगुण सुरू होते. अशा ध्वनीला संरचनावाही ध्वनी म्हणतात, कारण तो हवेतून न येता बांधकामातून आलेला असतो. त्या खोलीत अठ्ठेचाळीस हर्ट्झचा ध्वनी साठ डेसिबल असला, तर मापक तीस डेसिबल-ए दाखवील, आणि रात्रीची मर्यादा पंचेचाळीस असल्याने तक्रार निकाली निघेल. रहिवाशाला मात्र तो आवाज श्रवणमर्यादेच्या पंधरा-सोळा डेसिबल वर, म्हणजे अगदी स्पष्ट, ऐकू येत असतो. रहिवासी म्हातारी असेल तर तिचे कान वाजतात असे म्हणून असे प्रकरण मिटवले जाते, आणि मापक तिच्या विरुद्ध साक्ष देतो.

उपाय म्हणून पंपाखाली रबराचे पॅड घातले जातात. पॅड कसे काम करते हे समजले नाही तर उपायच अपाय होतो. कोणतीही वस्तू लवचिक आधारावर ठेवली की तिला स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता प्राप्त होते, आणि ती आधार किती दबतो यावर ठरते: अर्धा मिलिमीटर दबणाऱ्या पॅडवर ती सुमारे बावीस हर्ट्झ असते, तर पंचवीस मिलिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगवर सुमारे तीन हर्ट्झ. यंत्राची वारंवारता या नैसर्गिक वारंवारतेच्या १.४ पटीहून अधिक असेल तरच आधार कंपन अडवतो. अठ्ठेचाळीस हर्ट्झचा पंप अर्ध्या मिलिमीटरच्या पॅडवर ठेवला तर पायात जाणारा जोर जवळपास चौथाईवर येतो. पण तेच पॅड मिनिटाला १४५० फेऱ्यांच्या, म्हणजे चोवीस हर्ट्झच्या पंपाखाली घातले तर दोन्ही वारंवारता जवळजवळ जुळतात, अनुनाद होतो, आणि पॅड घालण्यापूर्वी नव्हता एवढा हादरा सुरू होतो. दुकानात पॅडची जाडी आणि किंमत सांगतात. ते किती दबेल हे कोणी सांगत नाही, आणि विचारतही नाही. शिवाय पॅड कितीही चांगले असले तरी पंप आणि पाइप यांच्यामध्ये रबरी जोड नसेल आणि पाइपाच्या पट्ट्यांखाली अस्तर नसेल, तर कंपन आधार सोडून पाइपाच्या वाटेने जाते. रोहित्राची गुणगुण याच जातीची: पन्नास हर्ट्झच्या विजेमुळे रोहित्राचा लोखंडी गाभा सेकंदाला शंभर वेळा आकुंचन-प्रसरण पावतो, म्हणून भारतातली रोहित्रे शंभर हर्ट्झला आणि तिच्या पटींत गुणगुणतात.

कायद्याचे चित्र थोडक्यात असे आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ व रात्री ७०, व्यापारी क्षेत्रात ६५ व ५५, निवासी क्षेत्रात ५५ व ४५ आणि शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबल-ए अशा मर्यादा आहेत. रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा, राज्य शासनाने तसा घोषित केलेला परिसर म्हणजे शांतता क्षेत्र. सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २००५ चा निकाल आणि ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवरील मुंबई उच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०१६ चा निकाल यांनी या नियमांना धार दिली, हे मान्य केले पाहिजे. परंतु नियमांच्या पोटातच दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, दिवसाच्या बाबतीत मर्यादा दहा किंवा अधिक डेसिबलनी ओलांडली तरच नागरिकाला प्राधिकरणाकडे तक्रार करण्याचा हक्क पोचतो. म्हणजे ऊर्जा दहापट होईपर्यंत त्याने सोसायचे. दुसरी अडचण सरासरीची. नियमांतील आकडा समतुल्य पातळीचा, म्हणजे दिलेल्या कालावधीतील ऊर्जेच्या सरासरीचा असतो. महामार्गाच्या सलग घोषाला ही सरासरी शोभते. पण रात्री तीन वाजता खड्ड्यात आपटणाऱ्या रिकाम्या कंटेनर-ट्रेलरचा एक धाडकन आवाज झोप मोडायला पुरतो, आणि आठ तासांच्या सरासरीत तो विरून जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ मध्ये सात महानगरांत उभारलेल्या अखंड ध्वनिमापन जाळ्यात मुंबईच्या वाट्याचे एक केंद्र वाशीच्या रुग्णालयापाशी आहे, ही गोष्ट उपयुक्त खरी. त्यातून पुढे येतो तो मात्र हाच चाळलेला आणि सरासरी काढलेला आकडा.

वारंवारतेला विसरून न जाणारा एक भारतीय दस्तऐवज अस्तित्वात आहे, आणि तो ध्वनीविषयी नसून सुरुंगाविषयी आहे. नवी मुंबईच्या संदर्भात त्याचे महत्त्व मोठे आहे, म्हणून तेथे थोडे रेंगाळणे भाग आहे.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रवासी वाहतुकीस खुले झालेले नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ ज्या सुमारे ११६० हेक्टर जागेवर उभे आहे, तेथे पूर्वी उलव्याची टेकडी होती. सुमारे नव्वद मीटर उंचीचा हा काळ्या पाषाणाचा डोंगर सुरुंगांनी फोडून सपाट करण्यात आला, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला आणि दहा वस्त्या हलवण्यात आल्या. सुरुंगाचे काम सुरू झाले तेव्हा सर्व घरे रिकामी झालेली नव्हती, आणि भिंतींना तडे जात असल्याच्या, दगड उडत असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी केल्या. पारसिकच्या डोंगरातील दगडखाणींजवळ राहणाऱ्यांचे गाऱ्हाणेही याच जातीचे राहिले आहे.

सुरुंग उडाला की स्फोटकाच्या ऊर्जेचा काही भाग खडक फोडण्यात जातो आणि उरलेला जमिनीतून लहरींच्या रूपाने पसरतो. या लहरीने जमिनीचा एखादा कण ज्या कमाल वेगाने पुढेमागे हलतो त्याला कमाल कणवेग म्हणतात व तो सेकंदाला मिलिमीटर या एककात मोजतात. लहर किती वेगाने प्रवास करते याच्याशी त्याचा संबंध नाही: काळ्या पाषाणातून लहर सेकंदाला काही किलोमीटर धावते, तर कण सेकंदाला काही मिलिमीटर एवढाच हलतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ च्या सातव्या परिपत्रकात घरांसाठी या कणवेगाच्या मर्यादा ठरवल्या: कंपनाची वारंवारता आठ हर्ट्झपेक्षा कमी असेल तर पाच, आठ ते पंचवीस हर्ट्झ असेल तर दहा, आणि पंचवीसपेक्षा अधिक असेल तर पंधरा मिलिमीटर प्रति सेकंद. ऐतिहासिक वास्तूंसाठी हेच आकडे दोन, पाच आणि दहा असे आहेत. परिपत्रक खाणींसाठी असले तरी इतर सुरुंगकामांतही ते प्रमाण म्हणून वापरले जाते.

एकच घर, एकच भिंत, आणि वारंवारता बदलली की मर्यादा तिप्पट, असे का? उत्तर पंपाच्या पॅडचेच आहे. एक-दोन मजली घराची नैसर्गिक वारंवारता साधारण चार ते बारा हर्ट्झच्या दरम्यान असते. जमिनीचे कंपन त्या पट्ट्यात आले की घर अनुनाद पावून जमिनीपेक्षा जास्त हलते. शिवाय कणवेग तोच असला तरी वारंवारता जितकी कमी तितके प्रत्यक्ष विस्थापन जास्त होते: पाच हर्ट्झला पाच मिलिमीटर प्रति सेकंद या वेगाचा कण ०.१६ मिलिमीटर सरकतो, तर पंचवीस हर्ट्झला पंधरा मिलिमीटर प्रति सेकंद वेगाचा कण ०.१ मिलिमीटरही सरकत नाही. आता नवी मुंबईची जमीन लक्षात घेतली पाहिजे. डोंगराच्या पायथ्याशी खडक वर आहे, तर खाडीच्या काठाने मऊ सागरी चिकणमातीचे थर आहेत. कठीण खडकातून आलेल्या कंपनातल्या वरच्या वारंवारता अशा मऊ थरात लवकर विझतात आणि खालच्या शिल्लक राहतात, प्रसंगी वाढतातही. म्हणजे डोंगराला लागून असलेल्या गावाला बसणारा हादरा तीव्र पण चटकन विरणारा, तर भरावावरच्या वस्तीला बसणारा हादरा आकड्याने लहान पण घराला मानवणारा नसतो. एकच मर्यादा दोन्हीकडे लावणे अन्यायाचे झाले असते. परिपत्रकाने ते टाळले, हा त्याचा शहाणपणा होय.

कंपन आटोक्यात ठेवण्याची रीतही सांगण्याजोगी आहे. खडकात ओळीने छिद्रे पाडून त्यांत स्फोटक भरतात व वरचा भाग खडीच्या भुकटीने ठासून बंद करतात. सर्व छिद्रे एकदम उडवली जात नाहीत, तर १७, २५ किंवा ४२ मिलिसेकंदांच्या अंतराने एकामागून एक उडवली जातात. ऐकणाऱ्याला एकच बार ऐकू येतो, पण जमिनीला अनेक लहान धक्के बसतात, आणि एका धक्क्यातील कंपन त्या क्षणी उडालेल्या स्फोटकावर अवलंबून असते, एकूण साठ्यावर नव्हे. अंतर आणि स्फोटकाच्या वजनाचे वर्गमूळ यांच्या गुणोत्तरावर कणवेग ठरत असल्याने घर निम्म्या अंतरावर असेल तर दर विलंबाचे स्फोटक चौथाईवर आणावे लागते. कंत्राटदाराला हे महाग पडते, कारण छिद्रे वाढतात, आणि खरा संघर्ष या खर्चाचा असतो.

ग्रामस्थ म्हणतो घर हादरले, अभियंता म्हणतो आकडा मर्यादेत होता, आणि दोघेही खरे बोलत असतात. माणसाच्या शरीराला ०.३ मिलिमीटर प्रति सेकंद इतके कंपनही घरात बसल्या जागी जाणवते. घरांसाठीची कडक मर्यादासुद्धा त्याच्या सोळा-सतरा पट आहे. त्यात हवेतून येणारा दाबाचा धक्का दारे-खिडक्या खडखडवतो, आणि जमिनीच्या कंपनापेक्षा तोच अधिक भीतिदायक वाटतो. तडे उन्हापावसानेही जातात, पाया खचल्यानेही जातात. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक घराची पाहणी करून जुन्या तड्यांची छायाचित्रांसह नोंद घेणे आणि शंकास्पद तड्यावर प्लॅस्टरने काचेची पट्टी बसवणे हा साधा, स्वस्त आणि निर्विवाद पुरावा ठरतो: तडा रुंदावला तर काच फुटते. ही नोंद घरमालकाच्या हाती देण्याची पद्धत सर्वत्र रूढ असती, तर निम्मे तंटे न्यायालयापर्यंत गेलेच नसते.

उगमावर नियंत्रण, मार्गात अटकाव आणि श्रोत्याकडे संरक्षण अशा तीन पायऱ्या ध्वनिनियंत्रणात मानतात. नवी मुंबईला यांतली मार्गाची पायरी जन्मतःच मिळाली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला डोंगराच्या कडेने औद्योगिक वसाहत होती. नवी निवासी उपनगरे रस्त्याच्या पश्चिमेला, खाडीच्या बाजूने आखली गेली. अंतर हा ध्वनिनियंत्रणाचा सर्वांत जुना उपाय आहे: एका यंत्रापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सहा डेसिबलनी उतरतो. रस्त्यासारख्या लांबलचक उगमापासून मात्र तो तीनच डेसिबलनी उतरतो, आणि त्या आखणीची कमजोर बाजू हीच ठरली. कारखाना दूर राहिला, पण वाहतूक शहराच्या अंगाला खेटून वाढत गेली. शीव-पनवेल महामार्ग, ट्रान्स-हार्बर रेल्वे, २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली बेलापूर-पेंधर मेट्रो यांच्या दोन्ही अंगांना आज बहुमजली इमारती उभ्या आहेत, आणि वाशीला तर रेल्वे स्थानकाच्या डोक्यावरच कार्यालये आहेत.

अशा ठिकाणी ध्वनिरोधक भिंत सुचवली जाते. भिंतीची ताकदही वारंवारतेवर असते. हजार हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी चौतीस सेंटिमीटर असते, म्हणून तीन मीटरची भिंत त्याला खरोखर आडवी येते. ट्रकच्या इंजिनातील त्रेसष्ट हर्ट्झच्या घरघरीची तरंगलांबी साडेपाच मीटर असते आणि ती भिंतीवरून वळून पलीकडे उतरते. पुन्हा, भिंतीची सावली खालच्या दोन-तीन मजल्यांपुरतीच पडते. दहाव्या मजल्याला रस्ता थेट दिसतो, आणि जो दिसतो तो ऐकूही येतो. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या अटल सेतूवर खाडीतील रोहित पक्ष्यांच्या भागात ध्वनिरोधक पडदे बसवले गेले, ते योग्यच झाले, कारण पक्षी पाण्याच्या पातळीवर असतो आणि सेतू उंचावर. भूमिती पडद्याच्या बाजूची होती. उंच इमारतीतल्या माणसाच्या बाबतीत ती विरुद्ध आहे. झाडांविषयीचा लोकप्रिय समजही तपासावा लागतो: तीस मीटर रुंदीचा घनदाट पट्टा पाचेक डेसिबल अडवतो, दुभाजकावरची बोगनवेल डोळ्यांना थंडावा देते, कानांना नाही. रात्री तर हवाच विरुद्ध जाते. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. उबदार हवेत ध्वनी अधिक वेगाने जात असल्याने वर जाणारी लहर खाली वाकते आणि दूरवर उतरते. नियमांत निवासी क्षेत्राची रात्रीची मर्यादा दहा डेसिबलनी कडक आहे, आणि नेमक्या त्याच वेळी आवाज लांबवर पोचतो.

श्रोत्याकडचा उपाय म्हणजे खिडकी, आणि येथे परदेशी पुस्तके कामास येत नाहीत. युरोपातील घर वर्षाचे आठ महिने बंद खिडक्यांचे असते. कोकणपट्टीच्या दमट हवेत खिडकी उघडी असते, आणि उघडी खिडकी आवाज दहा-पंधरा डेसिबलपलीकडे अडवत नाही. ती बंद केली तरी भिंतीच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाएवढी फट उरली की बाकी भिंत कितीही जाड असो, एकूण अटकाव वीस डेसिबलपाशी थांबतो. सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांच्या फटी या हिशेबात येतात. यात आणखी एक गोंधळ आढळतो. भिंतीला फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवले की शेजारचा आवाज थांबेल असे समजले जाते. असे सच्छिद्र पदार्थ खोलीतला घुमारा कमी करतात, मंगल कार्यालयात किंवा वर्गात बोलणे स्पष्ट ऐकू येते. पलीकडून येणारा ध्वनी अडवायला मात्र वजन लागते, आणि भिंतीचे वजन दुप्पट केले तर जेमतेम सहा डेसिबलची भर पडते.

तिन्ही पायऱ्या निकामी झाल्या की कान उरतो. कारखाने कायद्याखालील नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल-ए ही मर्यादा आहे आणि दर पाच डेसिबलच्या वाढीला कामाची वेळ निम्मी करायची असते. ऊर्जेच्या हिशेबाने ती तीन डेसिबललाच निम्मी व्हायला हवी, म्हणून हे कोष्टक उदार आहे, आणि ते उदार आहे कामगाराच्या जिवावर. गोंगाटाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोगा व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदले गेले होते. हे बहिरेपण चार हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होते. अंतर्कर्णातील त्या वारंवारतेच्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. बोलण्यातले स्वर खालच्या वारंवारतांत असतात, तर ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या वारंवारतांवर असते. म्हणून निवृत्त यंत्रचालक ‘ऐकू येते, पण कळत नाही’ असे सांगतो, घरचे त्याला विसराळू किंवा हट्टी समजतात, आणि तपासणीला जाईपर्यंत वर्षे उलटलेली असतात.

विमानतळाचा प्रश्न आता सुरू होत आहे. आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेने २००१ मध्ये मांडलेल्या संतुलित पद्धतीत चार साधने आहेत: विमानच शांत करणे, भोवतालच्या जमिनीचा वापर ठरवणे, उड्डाण-अवतरणाच्या रीती बदलणे आणि सर्वांत शेवटी, उड्डाणांवर निर्बंध. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने विमानतळ क्षेत्रासाठी स्वतंत्र मर्यादा घातल्या, त्या वर्दळीच्या विमानतळांना दिवसा ७० व रात्री ६५, आणि इतरांना ६५ व ६० अशा आहेत. निवासी क्षेत्राच्या ४५ शेजारी रात्रीचे ६५ ठेवून पाहिले की वीस डेसिबलचा, म्हणजे ऊर्जेत शंभर पटींचा, फरक दिसतो; जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच युरोपसाठी विमानांच्या रात्रीच्या आवाजाबाबत ४० डेसिबलची शिफारस केली होती. विमानतळाजवळ इमारतीची उंची किती असावी यासाठी ना-हरकत प्रमाणपत्राशिवाय वीट चढत नाही; त्याच इमारतीच्या खिडकीने किती आवाज अडवावा याविषयी राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत ध्वनिशास्त्राचे एक संपूर्ण प्रकरण असूनही ते शिफारशीच्या पातळीवर राहते. धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम आहेत, म्हणजे पनवेलची बाजू आणि उलवे-उरणची बाजू विमानांच्या वाटेत येते, आणि दोन्हीकडे बांधकाम अजून चालू आहे. दुसरी धावपट्टी पूर्ण क्षमतेने वापरात येण्यापूर्वी या दोन्ही अंगांना, डेसिबल-ए बरोबर सप्तकपट्ट्यांनुसार, म्हणजे एकेका सप्तकातील वारंवारता वेगळ्या करून, रात्रीच्या प्रत्येक उड्डाणाची कमाल पातळी नोंदवून ठेवणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. त्यासाठी लागणारी उपकरणे बाजारात मिळतात, आणि मोजमापाच्या अटीत ‘सप्तकपट्टीनुसार’ हा एक शब्द घातला की पुरे.